तुमचे पाच लाख निफाडच्या फीडरपर्यंत पोहोचतात का?

गंगापूर रोडला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं आहे. मुलगी पुण्यात नोकरीला. तिच्या सांगण्यावरून त्यांनी निवृत्तीच्या रकमेतले पाच लाख एका ईएसजी, म्हणजे पर्यावरण आणि समाज बघून कंपन्या निवडणाऱ्या, म्युच्युअल फंडात टाकले. त्यांचा प्रश्न असा: "गावी जाताना निफाडच्या पुढे रस्त्याकडेला सौर पॅनल लागलेले दिसतात. माझ्या पैशातला एखादा रुपया त्यात असेल का? आणि नसेल, तर या नैतिक गुंतवणुकीने नेमकं होतं काय?"

सर, त्या पॅनलमध्ये तुमचा रुपया नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तुमच्यासारख्यांचे पैसे बाजारात आहेत म्हणून तो प्रकल्प उभारणाऱ्याला पुढेमागे गिऱ्हाईक मिळणार आहे. ते मिळेल या भरवशावर आज काही माणसं सबस्टेशनच्या आसपास जमिनी शोधत हिंडतायत. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार.

मी अठरा वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली आणि गेली अकरा वर्षं सौर प्रकल्पांच्या कर्जाच्या फायली बांधतो. शेअर बाजार माझा विषय नाही. पैसा प्रकल्पाच्या खात्यात कधी जमा होतो, कुणाच्या सहीने होतो आणि कशामुळे अडतो, एवढं मात्र जवळून पाहिलं आहे.

समजा तुम्ही पिंपळगावच्या एखाद्या बागाईतदाराकडून जुना ट्रॅक्टर घेतलात. पैसे कुणाला गेले? बागाईतदाराला. ट्रॅक्टरच्या कंपनीला छदाम मिळाला नाही. म्युच्युअल फंड बाजारातून शेअर घेतो तेव्हा बहुतेक वेळा हेच होतं. आधीच्या मालकाने विकला, फंडाने घेतला, कंपनीच्या तिजोरीत काही हललं नाही. मग उपयोग काय? उपयोग असा, की जुन्या ट्रॅक्टरला चांगला भाव येतो हे माहीत असलं की नवा घेणारा हात आखडत नाही. अडचण आली तर विकून मोकळं होता येईल, ही खात्री त्याला शोरूमपर्यंत नेते. नैतिक गुंतवणुकीचा अक्षय ऊर्जेवरचा परिणाम मुख्यतः हा असा, मागच्या दाराने येणारा आहे.

आता तुमच्या फंडाची फॅक्टशीट, म्हणजे पैसे कुठे गुंतवले त्याचं माहितीपत्रक, उघडा. पहिल्या दहा नावांत सौरऊर्जेची कंपनी सापडली तर नशीब. बँका असतील, आयटी कंपन्या असतील, एखादी वाहन कंपनी असेल. यात फसवणूक नाही. ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार, तिन्हींवर मिळून गुण. ज्या कंपनीचं काम वातानुकूलित इमारतीत संगणकावर चालतं, तिचा धूर मुळातच कमी, कागदपत्रं चोख, संचालक मंडळ नीटनेटकं; तिला चांगले गुण पडणारच. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२३ मध्ये या फंडांचे सहा प्रकार पाडून दिले. नकोशा उद्योगांना वगळणारे, आपल्या क्षेत्रातल्या सर्वोत्तम कंपन्या निवडणारे, ठोस परिणाम मागणारे, संक्रमणाला पैसा देणारे वगैरे. फंडाने आपला प्रकार जाहीर करायचा आणि किमान ८० टक्के पैसा त्याच धोरणाने गुंतवायचा. तुमचा फंड कुठल्या प्रकारात बसतो ते एकदा वाचून घ्या, कारण 'वगळणारा' आणि 'परिणाम मागणारा' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जाता जाता एक. आपल्याकडे काही फंडांच्या नावातच 'एथिकल' असतं. त्यातले काही शरियतच्या तत्त्वांनुसार चालतात, म्हणजे व्याजावर चालणाऱ्या बँका, दारू, जुगार वर्ज्य. तो एक स्वच्छ, सुसंगत नैतिक विचार आहे, पण त्याचा पवनचक्कीशी संबंध नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने नाव वाचून असा फंड 'हरित' समजून घेतला होता.

वगळण्यात एक गोची आहे. देशात मोठ्या प्रमाणावर सौर आणि पवन प्रकल्प उभारणाऱ्यांत काही कंपन्या अशा, की ज्यांचा मूळ धंदा कोळशाचा. 'कोळसा नको' म्हणणारा फंड त्यांना हात लावत नाही, म्हणजे त्यांच्या सौर प्रकल्पांनाही लावत नाही. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने २०१६ पासून ३० टक्के किंवा अधिक उत्पन्न कोळशातून मिळवणाऱ्या कंपन्या वगळायला सुरुवात केली, आणि जगभर हा पायंडा पडला. मग कंपन्यांनी काय केलं? घर वाटून घेतलं. कोळसा थोरल्याकडे, सूर्य धाकट्याकडे. एनटीपीसीने हरित प्रकल्पांची वेगळी कंपनी केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचा १०,००० कोटींचा आयपीओ, म्हणजे पहिली जाहीर शेअर विक्री, आणला. सगळेच्या सगळे शेअर नवे, म्हणजे पैसा थेट कंपनीत आला. त्यातले ७,५०० कोटी उपकंपनीची कर्जं फेडायला ठेवले होते. कर्ज फिटलं की नवं कर्ज काढायला जागा होते. जुन्या ट्रॅक्टरचं उदाहरण इथे लागू नाही, हा शोरूममधला व्यवहार.

याच्या शेजारी इरेडाचा आयपीओ ठेवून बघा. इरेडा म्हणजे १९८७ पासून फक्त अक्षय ऊर्जेला कर्ज देणारी सरकारी संस्था. नोव्हेंबर २०२३ मध्ये साधारण २,१५० कोटींचा इश्यू आला, शेअर ३२ रुपयांना. त्यातले सुमारे १,२९० कोटी नव्या शेअरचे, म्हणजे संस्थेकडे कर्ज वाटायला गेले. उरलेले ८६० कोटी सरकारने आपला हिस्सा विकून स्वतःकडे घेतले. तेव्हा नाशिकमध्ये ज्याने त्याने अर्ज भरला होता, कट्ट्यावर चर्चा लिस्टिंगला किती टक्के सुटतील याची. पर्यावरणाचं नाव कुणी काढल्याचं ऐकलं नाही. तरीही त्या अर्जांमुळे १,२९० कोटी इरेडाकडे पोहोचले, आणि अशा संस्थेला भांडवलाच्या कितीतरी पट कर्ज देता येतं. हेतू शुद्ध असूनही काही न हलणं आणि हेतू निव्वळ नफ्याचा असून पैसा योग्य जागी पडणं, दोन्ही या क्षेत्रात रोज घडतं. मला याची मौज वाटते, तुम्हाला कदाचित खटकेल.

पण प्रकल्प खरा उभा राहतो तो कर्जावर. इथे जरा थांबू, कारण सगळा खेळ इथे आहे.

कोळशाच्या वीज केंद्राला रोज कोळसा लागतो. सौर प्रकल्पाला इंधनच नाही. बहुतेक सगळा खर्च पहिल्या वर्षी, आणि पुढची पंधराएक वर्षं त्या खर्चाचं व्याज आणि हप्ते. म्हणून सौर विजेचा दर हा बराचसा व्याजाचा दर असतो. हिशोब मांडून दाखवतो. पाच मेगावॉटचा प्रकल्प, ठोकताळ्याने मेगावॉटला चार कोटी धरले तर वीस कोटी. त्यात ७५ टक्के कर्ज, म्हणजे पंधरा कोटी, मुदत पंधरा वर्षं. दहा टक्क्यांनी समान वार्षिक हप्ता येतो १ कोटी ९७ लाख. नऊ टक्क्यांनी येतो १ कोटी ८६ लाख. फरक अकरा लाखांचा. वर्षाला सुमारे ८७ लाख युनिट वीज तयार होते असं धरलं, तर एक टक्का व्याज म्हणजे युनिटमागे बारा-तेरा पैसे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत महावितरण साधारण तीन रुपयांच्या आसपास दराने वीज घेते. तिथे बारा पैशांवर निविदा हातात येते किंवा जाते.

आता विचारा, नैतिक गुंतवणूकदार व्याजात किती सूट देतो? केंद्र सरकारने पहिले हरित रोखे २५ जानेवारी २०२३ ला विकले, ८,००० कोटींचे. पाच वर्षांचे ७.१० टक्क्यांना, दहा वर्षांचे ७.२९ टक्क्यांना. साध्या सरकारी रोख्यांपेक्षा पाच-सहा बेसिस पॉइंटने स्वस्त, म्हणजे एका टक्क्याचा विसावा भाग. बाजारात याला 'ग्रीनियम' म्हणतात. वरच्या हिशोबात बसवा: युनिटमागे अर्धा-पाऊण पैसा. त्यातही हा पैसा सरकारच्या एकत्रित निधीत जातो आणि हरित ठरवलेल्या कामांवर खर्च होतो, ज्यात मेट्रोसारखी वाहतुकीची कामंही येतात. पुढच्या काही लिलावांत तेवढीही सूट द्यायला खरेदीदार तयार नव्हते. सदिच्छेचा भाव एवढाच निघतो, आणि याचं मला नवल वाटत नाही. विमा कंपनी असो की भविष्य निर्वाह निधी, ती दुसऱ्यांचे पैसे सांभाळते. सदिच्छेपोटी त्यांचं व्याज तिने का सोडावं?

मग पूर्ण एक टक्का कशाने खाली येतो? भीती कमी झाली की.

सिन्नरजवळ गुळवंचला १३५० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे. २७० चे पाच संच. कितीतरी वर्षं तो बांधून नुसता उभा होता, चिमण्या दिसायच्या आणि धूर नसायचा. वीज घ्यायचा करार नव्हता, कोळसा आणायच्या रेल्वेमार्गाचं काम रखडलेलं. आमच्या पिढीच्या बँकवाल्यांनी त्या चिमण्यांकडे बघून एक धडा घेतला: यंत्रं सोन्याची असली तरी पीपीएशिवाय, म्हणजे वीजखरेदीच्या कराराशिवाय, एक रुपया सोडायचा नाही. तो धडा कोळशातून आला, पण भोगला सौरवाल्यांनी. माझ्या सुरुवातीच्या फायलींवर क्रेडिट कमिटीचा पहिला प्रश्न असायचा, "वीज कोण घेणार आणि पैसे कधी देणार?" सूर्य रोज उगवतो हे त्यांना मान्य होतं. बिलाचे पैसे रोज उगवत नाहीत, ही त्यांची तक्रार.

त्यात २०१९ मध्ये आंध्रच्या नव्या सरकारने आधी सह्या झालेले सौर आणि पवन करार पुन्हा उघडायचे ठरवले. प्रकरण कोर्टात गेलं आणि देशभरच्या कर्जदात्यांनी मान आत घेतली. आंध्रचा वारा आणि आपल्या साक्रीचा वारा यांचा काही संबंध नाही, पण बँकेच्या जोखमीच्या तक्त्यात दोघांची ओळ एकच. याच्या उलट, केंद्राने जून २०२२ मध्ये वीज वितरण कंपन्यांच्या थकबाकीवर नियम आणले: जुनी देणी हप्त्यांत फेडा, नवी वेळेवर द्या, नाहीतर वीज घेण्यावर टाच येईल. त्यानंतर फायलींवरचे शेरे मवाळ झाले, हे मी स्वतः अनुभवलं. वर सांगितलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेत, म्हणजे शेतीच्या फीडरवरच्या (सबस्टेशनमधून शेतीकडे जाणाऱ्या वीजवाहिनीवरच्या) योजनेत, पंचवीस वर्षांचा करार, सबस्टेशनजवळची जमीन, सरकारी जागा असेल तर ती भाड्याने, खासगी असेल तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. एवढं सगळं बांधून मिळालं तेव्हा राष्ट्रीयीकृत बँकांचे शाखाधिकारी स्वतःहून फोन करू लागले. अक्षय ऊर्जेची ३५ कोटींपर्यंतची कर्जं आता प्राधान्य क्षेत्रात, म्हणजे बँकांना ठरावीक कर्ज जिथे द्यावंच लागतं तिथे, मोजली जातात; बँकांचं ते उद्दिष्टही भरून निघतं. या सगळ्यात ईएसजी हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

शेतकऱ्याच्या बाजूनेही बघा. निफाड, सिन्नरकडे रात्रीच्या पाळीची वीज म्हणजे उसात बिबट्या असताना बॅटरी हातात धरून पाणी भरायला जाणं. त्याला दिवसा वीज हवी. कार्बनशी त्याला देणंघेणं नाही, आणि असावं अशी अपेक्षाही मी करत नाही.

तर मग नैतिक पैसा येतो कधी? प्रकल्प सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली, मीटरचे आकडे जमले, महावितरणची बिलं वेळेवर निघाल्याचं दिसलं की. पहिला रुपया घालतो तो स्थानिक प्रमोटर. कुणी ठेकेदारीतला, कुणी द्राक्ष निर्यातीत दोन पैसे मिळवलेला. तो घर तारण ठेवतो, ग्रामसभेच्या ठरावासाठी चपला झिजवतो, रोहित्र वेळेवर आलं नाही म्हणून रात्र रात्र जागतो. हा टप्पा पार झाल्यावर मोठा फंड येतो आणि चालू प्रकल्प विकत घेतो. सर, तुम्हाला आवडेल असं एक उदाहरण देतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या शिक्षकांचा पेन्शन फंड आहे. त्याने २०२२ मध्ये महिंद्रा सस्टेनमध्ये ३० टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं आणि पुढे चालू सौर प्रकल्प एका इन्व्हिटमध्ये गेले. इन्व्हिट म्हणजे तयार, कमावत्या पायाभूत प्रकल्पांची गाठोडी बांधून त्याचे युनिट विकायचे. तिकडच्या निवृत्त गुरुजींचं पेन्शन इकडच्या उन्हावर. त्यांनी जोखीम घेतली का? फारशी नाही. पण विकणाऱ्याचे अडकलेले पैसे मोकळे झाले, ते पुढच्या प्रकल्पात गेले. जुन्या ट्रॅक्टरला भाव आला.

अपवाद आहेत. आपल्या शेजारी साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेने कर्ज दिलं. तेव्हा सौर वीज महाग होती आणि आपल्या बँका बिचकत होत्या, अशा वेळी पहिल्या टप्प्यातला पैसा विकास बँकांकडून आला. माझं मत विचाराल तर त्या काळच्या अशा कर्जांनी जेवढं काम केलं, तेवढं नंतरच्या शंभर ईएसजी फंडांनी मिळून केलं नसेल. याला आकड्यांचा आधार माझ्याकडे नाही, हा फायली चाळून झालेला ग्रह आहे.

एवढं सगळं ऐकून 'म्हणजे नैतिक गुंतवणूक नुसती मिरवण्यापुरती' असा निष्कर्ष काढू नका. एक प्रसंग सांगतो, त्यात माझीच चूक आहे.

नांदगाव तालुक्यातलं एक गायरान. वीस-बावीस एकर, दगडगोटे, बाभळी. एका विकासकाचा प्रकल्प तिथे यायचा होता आणि एका परदेशी पैशाच्या फंडाने त्याच्या इतर प्रकल्पांसकट यात भांडवल घालायची तयारी दाखवली होती. प्रकल्प अहवालात जमिनीचं वर्णन मी 'पडीक, वापर नाही' असं लिहिलं होतं. कागदावर तसंच दिसत होतं. एप्रिलमध्ये फंडाकडून सामाजिक तपासणीला एक मुलगी आली, तिशीच्या आतली, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात नकाशा. सगळे विकासकाच्या गाडीच्या सावलीत उभे असताना ती उन्हात चालत गेली आणि बांधावर बसलेल्या मेंढपाळाशी बोलायला लागली. मेंढरं पाण्याला कुठे नेता? त्याने काठीने दाखवलं. गायरानाच्या पलीकडे पाझर तलाव. वाट कुठून? आमच्या नकाशावर जिथे पॅनलच्या तिसऱ्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत चौकोन काढले होते, तिथून. कुंपण पडलं असतं तर दोनशे मेंढरांना दीड किलोमीटरचा वळसा, तोही डांबरी रस्त्याने.

तिने कुणाला दोष दिला नाही. नकाशावर पेन्सिलने एक रेघ मारली आणि मला विचारलं, "वापर नाही, हे कुणी तपासलं?" मी तलाठ्याच्या नोंदीचा हवाला दिला. ती म्हणाली, "नोंद मेंढरं वाचत नाहीत." फंडाने मधून पंधरा फुटांची वाट सोडल्याशिवाय पैसे सोडणार नाही असं कळवलं. विकासक चिडला, आराखडा बदलला, काही पॅनल कमी झाले, सहा आठवडे गेले. मीही तेव्हा कुरकुरलो. आमच्या बँकेच्या तपासणीत हा प्रश्न कधीच आला नसता; आमची यादी टायटल क्लिअर आहे का, बोजा आहे का, एवढ्यावर संपते. मेंढपाळाचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नसतं.

नैतिक पैशाची खरी ताकद मला तिथे दिसली. व्याज स्वस्त करण्यात ती फारशी नाही, अट घालण्यात आहे. आणि अट घालता येते ती पैसे सुटण्याआधी, ज्याच्या हातात चेक आहे त्यालाच. बाजारातून शेअर घेणारा फंड मेंढपाळापर्यंत जात नाही, वार्षिक सभेत मत देतो. सेबीने शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. फंड तो वाचतात, गुण देतात. पण अहवाल कंपनी स्वतः लिहिते, आणि 'वापर नाही' हे किती सहज लिहिलं जातं ते वर सांगितलंच.

त्याच फंडाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच वर्षी निफाड तालुक्यातल्या दोन मेगावॉटच्या प्रकल्पासाठी मी त्यांना विचारलं होतं. प्रमोटर सज्जन, जमीन स्वतःची, फीडर जवळ. उत्तर आलं, आकार फार लहान. वकील, अभियंते, तपासणी यांचा खर्च दोन मेगावॉटला लागतो तेवढाच जवळपास दोनशे मेगावॉटला लागतो, त्यामुळे मोठा पैसा मोठ्या प्रकल्पांकडेच वळतो, राजस्थान-गुजरातच्या वाळवंटात. तालुक्याच्या फीडरवर तो उतरत नाही. ते काम शेवटी आपल्या बँकांनीच केलं. सर, तुम्ही गाडीतून पाहता ते पॅनल बहुधा अशाच कर्जातले.

अंबड आणि सातपूरला मात्र हा पैसा वेगळ्याच वाटेने पोहोचतो. मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना आता पुरवठादारांकडूनही वीज आणि उत्सर्जनाची माहिती गोळा करावी लागते, कारण त्यांचे गुंतवणूकदार ती मागतात. मग सुटे भाग बनवणाऱ्या पन्नास कामगारांच्या कारखान्याला प्रश्नावली येते: तुमची किती वीज अक्षय स्रोतांतून? मालक माझ्याकडे येतो, वैतागलेला. "साहेब, स्क्रू बनवतो मी, हे काय लावलंय?" शेडवर पॅनल लावायचा हिशोब मांडून दाखवला, की वैताग कमी होतो, कारण औद्योगिक दराची वीज वाचते आणि कर्ज काही वर्षांत फिटतं. तो नैतिकतेसाठी पॅनल लावत नाही. पण प्रश्नावली आली नसती तर हिशोब मांडायला बसलाही नसता. माझ्या मते तुमच्या फंडाचा नाशिकवरचा सर्वांत ठळक परिणाम हाच. युरोपात माल पाठवणाऱ्या पोलाद आणि फास्टनरवाल्यांना तिकडचा कार्बन कायदाही लागू झाला आहे, पण तो कायदा आहे, गुंतवणूक नाही. तो विषय वेगळा.

तुमच्या पाच लाखांचं म्हणाल तर फंड मोडायला सांगणार नाही. निवृत्तीचा पैसा आहे, परतावा आणि सुरक्षितता आधी. फक्त एक ईमेल लिहा: गेल्या वर्षी कुठल्या ठरावावर, कुठल्या कंपनीविरुद्ध मत दिलं? फंडांना आपल्या मतांची माहिती जाहीर करावीच लागते. उत्तर गुळमुळीत आलं तर तुमचा फंड फक्त यादीतून नावं गाळतो असं समजा. पैसा थेट कर्जाच्या बाजूला जावा असं वाटत असेल तर वाटा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून सरकारी रोखे घेता येतात, हरित रोखेही त्यात आले. बँकांच्या हरित ठेवींना रिझर्व्ह बँकेचे नियम जून २०२३ पासून लागू आहेत. तो पैसा कुठे वापरला याचा हिशोब बँकेला ठेवावा लागतो. व्याज मात्र नेहमीच्या ठेवीपेक्षा जास्त मिळेल अशी आशा नको, कधी कधी किंचित कमीच असतं. आणि महापालिकांचे रोखे. इंदूरने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे सामान्य गुंतवणूकदारांसाठी खुले केले, ८.२५ टक्क्यांनी. पैसा खरगोन जिल्ह्यात जलूदला ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी, कारण नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत उचलून आणायचं वीजबिल महापालिकेला झेपत नव्हतं. इंदूरकराने रोखा घ्यावा आणि त्याच्याच नळाच्या पाण्याचं बिल कमी व्हावं. इतकी सरळ नळी मला दुसरीकडे क्वचित दिसली. गंगापूर धरणातून पाणी उचलायलाही वीज लागतेच, तेव्हा आपल्याकडे असं काही निघालं तर अर्जाच्या रांगेत मी तुमच्या पुढे असेन.

सगळ्यात आधी मात्र स्वतःची गच्ची बघा. छतावरच्या सौर पॅनलसाठी असलेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि सोसायटी असेल तर जिना, लिफ्ट, पंपाच्या सामायिक विजेसाठी किलोवॉटला १८,००० रुपये. त्यात फंड व्यवस्थापक नाही, फॅक्टशीट नाही, तुमचा रुपया कुठे गेला ते मीटरवर दिसतं. गंगापूर रोडला हल्ली उंच इमारतींची दाटी झाली आहे, म्हणून पैसे भरायच्या आधी डिसेंबरातल्या एखाद्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि साडेतीनला गच्चीचा फोटो काढा. शेजारच्या टॉवरची सावली साडेतीनच्या फोटोत अर्ध्या गच्चीवर आली असेल तर फोटो मला पाठवा, विक्रेत्याला होकार नंतर.